भाजीपाल्यासाठी सी. ए. कोल्ड स्टोरेज: बेळगाव भागातील अर्ज नेमके कुठे अडतात

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी आणि निपाणी भागातील मराठी शेतकरी नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहाच्या, म्हणजेच सी. ए. कोल्ड स्टोरेजच्या, अनुदानाची माहिती शोधू लागला की त्याच्या हाती लागते ती बहुतेक महाराष्ट्रातील प्रक्रियेची माहिती. मग सातबारा, आठ-अ आणि महाडीबीटी यांच्या भरवशावर तयारी होते आणि कर्नाटकाच्या बागायत खात्याच्या टेबलावर पहिल्याच दिवशी फाईल परत मिळते. अर्ज कोणत्या राज्यात करायचा हे अर्जदाराच्या घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, प्रकल्पाच्या जमिनीवरून ठरते. चंदगड किंवा कागल तालुक्यात राहणाऱ्या माणसाची जागा निपाणी हद्दीत असेल, तर त्याला कर्नाटकाच्याच बागायत खात्याकडे जावे लागेल आणि कागदही कर्नाटकाचेच लागतील.

मुख्य योजना दोन आहेत. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मान्य प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, डोंगराळ व अनुसूचित क्षेत्रांत ते ५० टक्के असते. शेतकरी, शेतकरी गट, उत्पादक कंपनी, सहकारी संस्था, भागीदारी संस्था असे बहुतेक सर्व अर्जदार यात बसतात. पात्रतेवरून अर्ज नाकारल्याची उदाहरणे थोडीच आढळतात. दुसरी योजना २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीची आहे. तीत रोख अनुदान नाही, तर दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत आहे, आणि स्वतःचा वाटा किमान दहा टक्के असावा लागतो.

फाईल अडण्याचे पहिले ठिकाण म्हणजे जमिनीचा उतारा. ‘भूमी’ या कर्नाटकाच्या संगणकीय जमीन नोंदींच्या उताऱ्यातील नवव्या (मालकाच्या) रकान्यात आजोबांचे किंवा सगळ्या भावांचे एकत्र नाव असते, प्रत्यक्ष वाटणी मात्र घरात तोंडी झालेली असते आणि पोडी, म्हणजे मोजणी करून सरकारी पोटहिस्सा, झालेली नसते. बँक अशा जमिनीवर तारण घेत नाही. वारसा नोंद झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी, आणि तीत बहिणींची नावे वगळण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये, कारण त्यांचा हक्क कायद्याने कायम असतो आणि पुढे तोच वाद कर्जाच्या फाईलवर येऊन बसतो. सर्व्हे नंबरमधील काही गुंठेच प्रकल्पासाठी घ्यायचे असतील तर सर्व्हे खात्याचा ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, काढावा लागतो. अकराव्या रकान्यात सोसायटीच्या जुन्या कर्जाचा बोजा अजून दिसतो का, हेही पाहावे. कर्ज फेडून कित्येक वर्षे झाली असली तरी बोजा उतरवण्याचे काम आपोआप होत नाही.

नावाचा घोळ तर या सीमाभागाचा खास आहे. उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार इंग्रजीत अशी तीन कागदांची तीन तऱ्हा असते. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने इंग्रजीत ‘डी’ अक्षराने लिहिले जाते आणि कन्नड वळणाने ‘जे’ने, शेतकरी एकच, पण संगणकाला माणसे दोन दिसतात. कर्नाटकाच्या फ्रूट्स या शेतकरी नोंदणी प्रणालीतील एफ. आय. डी. (शेतकरी ओळख) क्रमांक याच जुळणीवर उभा असल्यामुळे तो काढतानाच नावे सारखी करून घेणे श्रेयस्कर. अनुदान मंजुरीच्या तोंडावर प्रतिज्ञापत्रे करत धावाधाव करण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे.

शीतगृहासाठी बँका सहसा बिगरशेती आदेश मागतात. तो कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. शेजाऱ्याची शेतजमीन भाड्याने घेऊन त्यावर प्रकल्प दाखवणाऱ्यांनी सावध राहावे: कर्नाटकाचा १९६१ चा जमीन सुधारणा कायदा शेतजमीन कुळाने किंवा भाड्याने देण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतो, त्यामुळे शंभर रुपयांच्या स्टँपवरील करार कोणत्याही कार्यालयात उपयोगी पडत नाही.

सर्वाधिक फाईली ज्या कागदावर परत येतात तो म्हणजे प्रकल्प अहवाल. सफरचंदासाठी केलेला आराखडा नाव बदलून सादर केला जातो आणि त्यात बटाटा, गाजर, रताळी, टोमॅटो, कोबी अशी आपल्या भागातील सगळी पिके भरली जातात. सी. ए. खोलीत थंडी असते, शिवाय हवेतील सुमारे २१ टक्के ऑक्सिजन दोन ते पाच टक्क्यांवर आणून कार्बन डायऑक्साइड वाढवलेला असतो, ज्यामुळे मालाचा श्वासोच्छ्वास मंदावतो. कोबीला शून्य अंशाजवळ याचा चांगला उपयोग होतो. गाजर आणि बटाटा यांना मात्र त्यातून फारसे काही मिळत नाही. साधे, योग्य आर्द्रतेचे कोल्ड स्टोरेज त्यांना पुरते. रताळे बारा अंशांखाली गेले की थंडीने खराब होते, आणि हिरवट टोमॅटोलाही बारा-तेरा अंशच लागतात. शिवाय खोली एकदा भरून हवाबंद केली की रोज उघडून गोव्याच्या गाडीसाठी थोडा माल काढता येत नाही. तांत्रिक समितीतील जाणकार हे एका नजरेत ओळखतो, आणि खरे सांगायचे तर त्याने ओळखावेच. आपला माल आठवड्याभरात विकला जात असेल तर सी. ए.चा हट्ट न धरता अनेक तापमानांच्या खोल्यांचे शीतगृह मागावे. त्यासाठी राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाची वेगळी तांत्रिक मानके आहेत, सी. ए.साठी २०१० ची ‘प्रकार ०३’ ही मानके लागू होतात.

क्षमतेचा हिशेबही इथेच चुकतो. खोलीच्या ३.४ घनमीटर आकारमानाला एक टन क्षमता धरली जाते. क्रेटवर क्रेट रचून जास्त माल मावतो हा युक्तिवाद चालत नाही.

वीजपुरवठ्याच्या पुराव्यासाठी पंपसेटचे बिल जोडणारेही कमी नाहीत. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज दिवसाचे मोजकेच तास मिळते, त्यामुळे हेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर भाराचे स्वतंत्र पत्र घ्यावे आणि जनरेटरचा खर्च अहवालात दाखवावा. पॅन, बँक पासबुक, दरपत्रके, इमारतीचा नकाशा, अन्न सुरक्षा परवाना हे नेहमीचे कागद असून त्यांत विशेष अडचण येत नाही.

मुदतीबाबत एक गैरसमज वारंवार दिसतो. कृषी पायाभूत सुविधा निधीच्या कागदांत २०३२-३३ हे वर्ष वाचून लोक निवांत राहतात. ते योजनेच्या एकूण कालावधीचे वर्ष आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार कर्जवाटप २०२५-२६ पर्यंतच होते, म्हणून आजची स्थिती बँकेत विचारून मगच आराखड्यावर पैसे खर्च करावेत.

अनुदान कर्जाशी जोडलेले आहे आणि ते शेवटी जमा होते, हे बांधकाम सुरू करण्यापूर्वी घरात सर्वांना समजावून सांगावे. आधी मुदत कर्ज, मग मंजुरी, बांधकाम, संयुक्त पाहणी, आणि त्यानंतर अनुदानाची रक्कम. तीही हातात न येता कर्जखात्यात वळती होते. मधल्या काळात हप्ते आणि विजेचे बिल स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. मंजुरीपूर्वी पाया खोदला किंवा यंत्रसामग्री आणली तर तो खर्च अमान्य होण्याचा धोका असतो, मग ठेकेदाराने पावसाळ्याची कितीही घाई केली तरी. तालुका बागायत कार्यालयात अर्ज दिल्यावर तारखेच्या शिक्क्याची पोच घ्यावी, आणि बिगरशेतीच्या अर्जासाठी ‘सकाल’ या ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या योजनेचा क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे दाखवता येते.