‘प्रॅक्टिकल मॅजिक’ घरी नेण्याआधी : वाचनालयाच्या सभासदांसाठी

“काहीतरी हलकंफुलकं द्या, पण पोरकट नको,” असं सांगणाऱ्यांना सध्या आम्ही ॲलिस हॉफमन यांची ‘प्रॅक्टिकल मॅजिक’ ही १९९५ची अमेरिकन कादंबरी काढून देतो. प्रत इंग्रजी आहे, भाषा सोपी.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात दोनशेहून जास्त वर्षं काहीही बिनसलं की खापर फुटतं ते ओवेन्स घराण्यातल्या बायकांच्या डोक्यावर. सॅली आणि जिलियन या पोरक्या बहिणी त्याच घरात दोन म्हाताऱ्या मावश्यांकडे वाढतात. तिथे ना झोपायची वेळ ठरलेली, ना जेवणाची शिस्त. त्यामुळे सॅली लहानपणीच पाककृतींचं पुस्तक उघडून सगळ्यांसाठी रांधायला लागते, आणि जिलियन खुशाल चॉकलेटवर दिवस काढते. सॅली शाळेत निघाली की घरची मांजरं तिच्या मागे. त्यांची नावं मात्र क्रो, रेव्हन अशी पक्ष्यांची! गावातल्या ज्या बायका दिवसा या घराकडे बघायलाही तयार नसतात, त्याच तिन्हीसांजेला मागच्या दाराशी प्रेमाचा तोडगा मागायला येतात. आमच्या मते पुस्तकातला सगळ्यात खमंग भाग हाच.

आपण या घरच्या नाही, हे सिद्ध करण्यात दोघी बहिणींचं निम्मं आयुष्य जातं. जिलियन पळून जाते. सॅली नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन लाँग आयलंडला चारचौघांसारखा संसार थाटते. मग एके रात्री जिलियन दारात हजर, आणि गाडीत तिच्या प्रियकराचं प्रेत! ते परसात लायलकच्या झुडपांखाली पुरलं जातं आणि झुडपं अवेळी माजतात. पुढचं आम्ही सांगणार नाही.

यात जादूटोणा शिकवलाय का, असं काउंटरवर हमखास विचारलं जातं. नाही. जादू आहे ती भाजीतल्या फोडणीएवढी, बाकी सगळा घरच्या माणसांचा मामला. मात्र मारहाण करणारा पुरुष आणि काही प्रणयप्रसंग आहेत, तेव्हा शाळकरी मुलांसाठी नेऊ नका.

१९९८चा सिनेमा पाहिलेल्यांनीही पुस्तक जरूर न्यावं. सिनेमात सॅलीच्या मुली लहान आहेत; कादंबरीत त्या वयात येताना दिसतात, आणि आपापसांत भांडणाऱ्या या दोघी जवळजवळ आई-मावशीइतकीच जागा घेतात.

याच घराण्याच्या आणखी तीन कादंबऱ्या आहेत. ‘द रूल्स ऑफ मॅजिक’ (२०१७) म्हणजे मावश्यांचं न्यूयॉर्कमधलं तरुणपण. ‘मॅजिक लेसन्स’ (२०२०) थेट सतराव्या शतकात, घराण्याची मूळ बाई मारिया ओवेन्स हिच्याकडे नेते. कथेचा काळ पाहून काही जण तीच आधी मागतात. आम्ही नको म्हणतो. त्यात मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव आहे, जिथे १६९२-९३च्या खटल्यांत चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली, आणि पुस्तकाचा सूरही तसाच गंभीर आहे. ‘द बुक ऑफ मॅजिक’ (२०२१) मात्र शेवटीच वाचा. मधेच वाचलीत तर आधीच्या तिन्हींतली गुपितं फुटतील. चारही एकदम मिळणार नाहीत. एक परत करा, दुसरी न्या.