लहान जुना फोन घेताय? मग आधी बॅटरीचं वय विचारा

एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल असा फोन मला लागतो, आणि नवीन फोन बहुतेक सगळे साडेसहा इंचांच्या आसपास गेलेत, त्यामुळे माझ्यासारख्यांना दोन-चार वर्षं जुन्या मॉडेलांकडेच वळावं लागतं. मग आपण काय करतो, एमएएचचा, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचा आकडा बघतो आणि ज्याचा मोठा तो फोन चांगला असं ठरवतो. लहान फोनच्या बाबतीत हा हिशोब फार फसवा आहे.

आयफोन १२ मिनी आणि १२ प्रो मॅक्स घ्या. दोघांची जाडी सारखीच, ७.४ मिलिमीटर. स्क्रीन ५.४ इंच आणि ६.७ इंच, म्हणजे क्षेत्रफळ काढलं तर लहानाची स्क्रीन मोठ्याच्या साधारण ६५ टक्के भरते. पण बॅटरी २२२७ आणि ३६८७ एमएएच, म्हणजे ६० टक्केच! कारण कॅमेरा, मदरबोर्ड, स्पीकर यांना जागा लागायची ती लागतेच, आणि फोन लहान झाला की कात्री बॅटरीला लागते. विजेच्या खर्चाचं बघितलं तर लहान स्क्रीन कमी वीज खाते हे खरं, पण प्रोसेसर, मोडेम (मोबाइल नेटवर्क सांभाळणारा भाग), जीपीएस यांना स्क्रीन किती इंची आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं, ते आपला ठरलेला वाटा घेतातच.

आता जुन्या फोनचा खरा मुद्दा. बॅटरीचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात, एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल, मग तो एका दिवसात होवो की दोन. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांसाठी अ‍ॅपलचा आकडा आहे ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता. समजा दिवसाला ३००० एमएएच लागतात (लहान स्क्रीनची बचत क्षणभर बाजूला ठेवू), तर प्रो मॅक्सच्या ५०० सायकल भरायला सहाशेच्या वर दिवस लागतील आणि मिनीच्या ३७० दिवसांतच भरतील. म्हणजे सेकंडहँड घेताना एकाच वयाचे दोन फोन समोर असले तरी लहान फोनची बॅटरी जास्त दमलेली असण्याची शक्यता मोठी. हे मला कळलं तेव्हापासून मी लहान जुन्या फोनच्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च आधीच धरतो.

दमते म्हणजे नेमकं काय होतं? लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा तयार होतो, तो गरजेचाही असतो, पण तो वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि थोडं थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. एक तर क्षमता घटते, आणि दुसरं म्हणजे आतला विद्युतरोध वाढतो, याकडे लोकांचं लक्षच नसतं. माझ्या आधीच्या फोनवर २८ टक्के दिसत असायचे, कॅमेरा उघडला की स्क्रीन काळी, फोन बंद! चार्जर लावला की पुन्हा पंचवीस-सव्वीस टक्के. चार्ज आत होता, पण कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की वाढलेल्या रोधामुळे व्होल्टेज खाली कोसळायचं आणि फोन स्वतःला बंद करून घ्यायचा. थंडीत हे आणखी लवकर होतं.

पापुद्रा फोन न वापरताही वाढतो, उष्णतेत आणि फुल चार्ज करून ठेवलेल्या बॅटरीत जास्तच. सोनीचा २०१७ चा एक्सपीरिया एक्सझेड१ कॉम्पॅक्ट मला आजही आवडतो, ४.६ इंच स्क्रीन, ७२० पिक्सेलचं कमी रेझोल्यूशन, २७०० एमएएच, त्या काळी छान चालायचा. पण त्याची 'नवी कोरी' बॅटरी कुणी देत असेल तर ती कधी बनली ते विचारा, पाकिटात पडून राहिलेली बॅटरीसुद्धा म्हातारी होते.

मग निवडायचं कशावरून? मी चिपवरून, म्हणजे प्रोसेसरवरून निवडतो. आसुसचे झेनफोन ८ आणि ९, दोन्ही ५.९ इंच, ४००० आणि ४३०० एमएएच. पण आठमध्ये स्नॅपड्रॅगन ८८८ आहे, जी गरम होण्यासाठीच प्रसिद्ध, आणि नऊमध्ये टीएसएमसी या तैवानी चिप कंपनीच्या कारखान्यात बनलेली ८ प्लस जेन १, जी तेवढ्याच कामाला बरीच कमी वीज घेते. गॅलेक्सी एस२२ आणि एस२३ चंही तेच, दोन्ही ६.१ इंच, बॅटरी ३७०० वरून ३९००, कागदावर जेमतेम पाच टक्के वाढ, वापरात फरक त्याहून कितीतरी मोठा. आयफोन १२ मिनी आणि १३ मिनीमध्ये बॅटरी चालण्यात अ‍ॅपलनेच दीड तासाचा फरक सांगितला होता. त्यामुळे अगदी लहान पाहिजे तर १३ मिनी, थोडा मोठा चालत असेल तर एस२३, असं माझं मत. गॅलेक्सी एस१०ई फक्त १५० ग्रॅमचा, हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही, पण त्याचे सिक्युरिटी अपडेट २०२३ मध्येच थांबले, बँकेची कामं फोनवर करणाऱ्याने तो घेऊ नये.

फोन घेतल्यावर रेंज कमी असलेल्या जागी ५जी बंद करून ४जी वर ठेवून बघा, टॉवर नीट मिळत नसला की मोडेम जास्त ताकदीने सिग्नल फेकतो आणि नेटवर्क शोधत राहतो, लहान बॅटरीला ते झेपत नाही. डार्क थीमचा फायदा ओलेड स्क्रीनलाच (तिचे काळे ठिपके बंदच असतात), एलसीडीवाल्या आयफोन एसईला जवळजवळ काहीच नाही कारण मागचा दिवा पेटलेलाच असतो.

आणि सेकंडहँड फोन हातात आला की सेटिंगमधल्या बॅटरी हेल्थच्या टक्क्यावर थांबू नका. चार्ज चाळीसच्या खाली असताना ब्राइटनेस पूर्ण करा, दहा मिनिटं व्हिडिओ शूट करा आणि आकडा बघत रहा. एकेक टक्का सावकाश उतरला तर ठीक, ३५ वरून एकदम २७ वर उडी मारली तर बॅटरी बदलावीच लागणार. मग फोन सपाट काचेवर पाठीवर ठेवून स्क्रीनची कड डोळ्याच्या रेषेत आणून बघा. कडेला बारीकशी फट दिसत असेल किंवा स्क्रीन मध्ये उचललेली वाटत असेल तर आत बॅटरी फुगायला लागलीये, दाबून बघू नका, चार्जिंगला लावू नका, तो फोन तसाच परत द्या.