पोरगं ‘तयार’ होतं म्हणजे काय?

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की रंकाळ्याकडच्या आमच्या गल्लीत पंधरा दिवसांत घराघरांतून खोकला ऐकू येतो. छातीशी पिनेनं लावलेला रुमाल, तरीही बाहीला पुसलेलं नाक. दारातली आजी म्हणते, ‘‘असू दे गं, चारदा सर्दी झाली की पोरगं तयार होतंय.’’ तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते कळायला फार वर्षं लागली.

१८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. आधीची साथ १७८१ची. जेमतेम ७,८०० वस्तीत ६,०००हून जास्त लोकांना गोवर निघाला. पीटर पॅनम हा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरला, तेव्हा ६५ वर्षांपूर्वी गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच तो पुन्हा झाला नव्हता. शरीर इतकं लक्षात ठेवतं! सर्दीचे विषाणू मात्र दोनशेच्या वर. एकाची ओळख झाली की दुसरा दारात. म्हणून लहान मुलाला वर्षात ६-८ वेळा सर्दी होणं नेहमीचंच.

१९८९ मध्ये साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या, मार्च १९५८च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांच्या नोंदी तपासल्या. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितकी परागकणांची ॲलर्जी कमी. भावंडांकडून लागणारे संसर्ग उपयोगी पडत असावेत, असा त्यांचा अंदाज. लोकांनी त्यातून ‘आजार काढलेलं मूल घट्ट’ एवढंच उचललं. २००३ मध्ये ग्रॅहम रूक या शास्त्रज्ञांनी वेगळी मांडणी केली: प्रतिकारशक्तीला वळण लावतात ते माती, जनावरं, आतडी यांतले जुने सोबती जंतू, गोवर-कांजिण्या नव्हेत. गोठ्यात खेळलेलं पोरगं वेगळं आणि गोवरानं फणफणलेलं वेगळं.

गोवर तर कमावलेलंही घालवतो. लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं, तेव्हा इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं, म्हणजे जंतू ओळखून त्यांच्याशी लढणारी रक्तातली प्रथिनं, गेलेली दिसली. हा अभ्यास २०१९चा.

आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बरीच ओसरलेली असतात. ती असताना लस नीट लागू पडत नाही. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. नेमका तोच घ्यायचा राहून जातो. ‘‘सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू,’’ म्हणत कार्डावरचा रकाना रिकामा राहिलेला मी पाहिलाय, आणि जीव तुटतो. साध्या सर्दीत ही लस देता येते.