व्हॉयेजरचा सूर गिटारवर घेताना

गायला बसण्याआधी पट्टी ठरवायची, हे दांडिया बाजारातल्या मराठी घरांत पेटी शिकणाऱ्या पोरालाही कळतं. अंतराळावर अल्बम करू पाहणाऱ्या बडोद्याच्या रॉक बँडनेही तिथूनच सुरुवात करावी. नासाच्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने पाठवलेल्या आवाजात खरी माहिती असते ती पट्टीतच.

आवाज म्हणायचं ते सोयीसाठी. यानाच्या दहा-दहा मीटरच्या दोन अँटेना प्लाझ्मातल्या (म्हणजे विद्युतभारित कणांच्या विरळ वायूतल्या) इलेक्ट्रॉनांचे हेलकावे विजेच्या रूपात टिपतात. त्यांची कंपनं कानाच्या टप्प्यातली, म्हणून थेट स्पीकरवर वाजतात. इलेक्ट्रॉन जितके दाट, तितका सूर चढा: एका घन सेंटीमीटरमधल्या संख्येचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. २०१२ च्या अखेरीस हा सूर २.२ च्या आसपास होता, २०१३ च्या एप्रिल-मेमध्ये २.६. पहिला षड्ज धरला तर दुसरा जवळजवळ कोमल गंधार! यान २५ ऑगस्ट २०१२ ला ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं होतं, याची खात्री या चढ्या सुरानेच पटवली, कारण सूर्याच्या वाऱ्याबाहेर प्लाझ्मा जास्त दाट असतो.

आता कामाचं. नोंदीत नमुने, म्हणजे लहरीची एकेक मोजमापं, सेकंदाला २८,८०० आहेत. सॉफ्टवेअरने ते ४४,१०० समजून उघडले, तर सूर दीडपटीहून थोडा जास्त चढतो, सा चा पंचम होतो. बँडमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण सूत्रात घातलात तर इलेक्ट्रॉनांची दाटी दुपटीहून जास्त निघेल. उघडतानाच दर हाताने भरा. प्रत्येक नमुना फक्त ४ बिटांचा, म्हणजे १६ पायऱ्या. मागची खरखर त्यातून येते. १.८ ते ३.२ किलोहर्ट्झ एवढाच पट्टा ठेवा. कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणारा) लावू नका, तो खरखर वर आणतो.

सगळ्यात फसवी गोष्ट २.४ किलोहर्ट्झवर बसली आहे. यानाचा स्वतःचा वीजपुरवठा त्याच कंपनांवर चालतो आणि त्याची भणभण नोंदीत उतरते. ती अरुंद नॉच फिल्टरने, म्हणजे एकच सूर कापणाऱ्या गाळणीने, काढा. फिल्टर रुंद ठेवलात तर शेजारचा खरा सूरही जाईल. आणि हे डिस्टॉर्शनच्या (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टच्या) आधी करा. नंतर केलंत तर २.६ आणि २.४ यांच्या फरकाची २०० हर्ट्झची घरघर तयार झालेली असते, ती मग निघत नाही.

वेग चौथाईवर आणला की २.६ किलोहर्ट्झचे ६५० हर्ट्झ होतात, दोन सप्तकं खाली. गिटारचा ई ६५९ चा, म्हणजे यानाचा सूर किंचित उतरा. इथे ऑटोट्यूनचा मोह आवरा, सूर हलवला की अवकाशाची घनताच खोटी ठरते. ट्यूनरचा ए ४४० वरून ४३४ वर आणा आणि तारा उतरवा.