काळी माती की गाळ? टिपर रिकामा करण्याआधी

एप्रिल-मे लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, मोहोळ, मंगळवेढ्याच्या रस्त्यांवर टिपरची ये-जा वाढते. आत काळाभोर माल. विचारलं की उत्तर एकच, "काळी माती हाय." प्रत्यक्षात एकात शेताच्या वरच्या थरातली माती असते, दुसऱ्यात तळ्यातला गाळ. मुरमाड माळावर टाकायला दोन्ही नेतात, पण दोघांचा स्वभाव वेगळा.

शेताची वरची वीतभर माती ही जिवंत असते. मुळ्या, कुजलेला पालापाचोळा, गांडुळं, जिवाणू यांनी तिचे कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ढेकूळ हातात दाबलं की रवाळ फुटतं, आत मुळांची बारीक भोकं दिसतात. त्या भोकांतून हवा खेळते, पाणी मुरतं. आपल्याकडे फसगत होते ती इथे: भारी जमिनीत काळा रंग कित्येक फूट खाली जातो. चार फुटांवरून उकरलेली मातीही तितकीच काळी दिसते, पण ती घट्ट असते, सेंद्रिय अंश कमी आणि चुनखडीचे खडे जास्त. रंगावर भाव ठरवू नये तो यासाठी.

गाळ म्हणजे पावसाने वाहून नेलेली हीच शेतांची माती. संथ पाण्यात बसताना तिची जुनी घडण मोडते. बारीक कण आणि अन्नद्रव्यं राहतात. तळ्यात सगळीकडे गाळ सारखा नसतो. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे वाळू आणि भरड माती बसते, बांधाजवळ सर्वांत बारीक चिकण. आम्ही एका वर्षी बांधालगतचा गाळ आणून दोन इंच पसरला आणि मुरमात न मिसळता तसाच ठेवला. पहिल्या पावसानंतर वर पापुद्रा धरला. बाजरीचे कोंब त्याखाली वाकडे होऊन पिवळे पडले होते. नखाने पापुद्रा उचलला की दिसायचे. तेव्हापासून गाळ उन्हात तापू देतो, कुळवाने मुरमात मिसळतो, शेणखत घालतो. हलक्या जमिनीत ओल जास्त दिवस टिकते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

घरी करण्याजोगी एक परीक्षा: काचेच्या बाटलीत एक भाग माती, दोन भाग पाणी घालून खूप हलवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणीहून भरड कण) काही तासांत, चिकण दिवसभर तरंगत राहते. थरांची जाडी पाहून प्रमाण कळतं. दुसरी: सुकं ढेकूळ स्वच्छ पाण्यात अलगद ठेवा. भोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर सोडियमचा, म्हणजे चोपणपणाचा संशय घ्यावा. नक्की काय ते माती परीक्षणातच कळेल. सामू (pH) ८.५च्या वर, क्षारता (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दर मीटरला १ डेसीसायमनच्या वर किंवा चुनखडी १० टक्क्यांच्या पुढे असेल तर मी तो माल घेणार नाही, मग फुकट मिळाला तरी.

खर्चाचा अंदाजही आधी घ्यावा. एकरभर रानावर एक इंच थर द्यायला साधारण ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतात. म्हणजे नमुना तपासण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

दोन्हींत मी गाळच निवडतो. वरची माती विकत घेतली म्हणजे दुसऱ्या कुणाचं रान उघडं पडतं, आणि तो थर पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं जातात. गाळ काढला तर तळ्यात पाणी साठायला जागा होते. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागचा विचारही हाच. अपवाद दोन. आधीच भारी, पाणी साचणाऱ्या रानात गाळ टाकू नये. आणि डाळिंबाला निचरा लागतो, म्हणून त्याच्या खड्ड्यात बांधाजवळचा निव्वळ गाळ नको. भरायचाच तर मुरूम आणि शेणखताबरोबर थोडाच. ड्रायव्हरला आधी विचारा: तळ्याच्या कुठल्या अंगाला भरलात?