पंपाची सवय लागते म्हणे!

"एकदा पंप घेतला की सुटत नाही," हे श्वासाच्या पंपाबद्दल, म्हणजे इनहेलरबद्दल, पंचवटीत वर्षानुवर्षं ऐकतेय. ह्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. सुटत नाही तो आजार; खापर मात्र पंपावर! पंपाचं व्यसन लागत नाही. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, तर पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे चाळिसावा हिस्सा, तोही थेट श्वासनलिकेत. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची, एवढं पथ्य.

थंडीत पहाटे चारला ह्यांची उबळ सुरू होते. मी पाठीशी उशी लावते, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, हातात देते. शेजारच्या काकू अडुळशाचा काढा सुचवतात. घ्या बापडे, पण पंप बंद करून नव्हे. मागच्या डिसेंबरात ह्यांनी आपल्या मनानं पंप सोडला. आठवड्यात जिना चढवेना.