फुकट लेक्चर्स आली कुठून, आणि त्यातली वीस हजार गेली कुठे

ऑनलाइन धड्यांचा विषय निघाला की सगळे यूट्यूबपासूनच सुरुवात करतात, पण पडद्यावर बघून शिकायची कल्पना त्याच्या खूप आधीची आहे. अमेरिकेत १९५७ पासून एक टीव्ही वाहिनी भल्या सकाळी विद्यापीठाची लेक्चर्स दाखवायची. १९६१ मध्ये तर सहा राज्यांतल्या शाळांपर्यंत पोचायचं म्हणून चक्क विमान वर न्यायचे आणि ते आकाशात घिरट्या घालत असताना त्यातून धडे प्रक्षेपित व्हायचे, कारण जमिनीवरच्या टॉवरची पोच तेवढी नव्हती. ब्रिटनमध्ये १९७१ पासून टीव्हीवर लागणारी मुक्त विद्यापीठाची लेक्चर्स थेट २००६ पर्यंत चालली. अडचण सगळीकडे एकच होती, धडा त्याच्या वेळेला लागायचा आणि तुम्ही समोर नसलात तर गेला.

नेटवरची मोठी घोषणा झाली एप्रिल २००१ मध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या एका नामांकित तंत्रज्ञान संस्थेनं सांगितलं की आम्ही आमच्या जवळपास सगळ्या कोर्सचं साहित्य फुकट टाकणार. त्या काळात बाकीचे ऑनलाइन कोर्स विकून पैसे कसे मिळतील या विचारात होते, त्यामुळे हे पाऊल मला आजही धाडसाचं वाटतं. २००२ मध्ये पहिले ५० कोर्स आले. व्हिडिओ त्यात कमीच होते, मुख्यतः नोट्स आणि असाइनमेंट. पण याच सुमाराला, डिसेंबर २००२ मध्ये, क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स आली, म्हणजे 'हे घ्या, वाटा, फक्त नाव द्या आणि धंदा करू नका' असं कायदेशीरपणे लिहून देता यायला लागलं. हे लायसन्स लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

शाळेच्या विषयांची गोष्ट मात्र विद्यापीठातून नाही, घरातून सुरू झाली. २००४ मध्ये बॉस्टनला नोकरी करणारा एक तरुण लांब राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या शाळकरी बहिणीला फोनवरून गणित शिकवायला लागला. मग बाकीची भावंडंही मागे लागली, सगळ्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून २००६ च्या शेवटी त्यानं धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकले. भावंडांनी त्याला सांगितलं की तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओतच बरा! कारण सोपं आहे, तेच तेच चार वेळा विचारायची लाज वाटत नाही, मागे घेऊन परत बघता येतं. काळी स्क्रीन, त्यावर रंगीत पेननं लिहिलेली गणितं, आणि फक्त आवाज, चेहरा नाही. पुढे असंख्य लोकांनी हीच पद्धत उचलली. धडे आठ-दहा मिनिटांचे का, यामागेही सुरुवातीला कुठला शिक्षणविचार नव्हता, यूट्यूबवर २००६ ते २०१० दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ सर्वसाधारण माणसाला टाकताच येत नव्हता. नंतर २०१४ मध्ये ऑनलाइन कोर्सेसमधल्या ६९ लाख वेळा बघितलेल्या व्हिडिओंचा अभ्यास झाला आणि लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं निघालं, म्हणजे मर्यादा आधी आणि समर्थन मागाहून.

२००७ मध्ये कोलोरॅडोत रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला घेतले, त्यातून 'धडा घरी बघा, गृहपाठ वर्गात करा' ही उलटी पद्धत पसरली. २०११ मध्ये एका फुकट ऑनलाइन कोर्सला १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं. विषय मात्र सारखे वाढले नाहीत, गणित आणि विज्ञान भराभर पुढे गेलं कारण वर्गमूळ सगळीकडे सारखंच असतं, इतिहास आणि भाषा मागे राहिल्या कारण प्रत्येक देशाचं पाठ्यपुस्तक वेगळं. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, जगभरातली १५० कोटींहून जास्त मुलं घरी बसली आणि तोवर जी पूरक गोष्ट होती तीच कित्येकांची मुख्य शाळा झाली. तो काळ सगळ्यांना आठवतोच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते २०१७ च्या एका निर्णयाबद्दल, कारण या सगळ्या इतिहासात त्याचा उल्लेख फार कमी होतो.

कॅलिफोर्नियातलं एक मोठं सरकारी विद्यापीठ वर्षानुवर्षं आपल्या वर्गांतली लेक्चर्स रेकॉर्ड करून सगळ्यांसाठी खुली ठेवायचं. जीवशास्त्र, रसायन, गणित, इतिहास, सगळंच. पहिल्या वर्षाचेही विषय असल्यामुळे शाळेच्या वरच्या वर्गातली मुलं आणि शाळेतले शिक्षकसुद्धा सहज वापरू शकतील असं बरंच काही त्यात होतं. २०१४ मध्ये दोन कर्णबधिर व्यक्तींच्या बाजूनं तक्रार झाली की हे व्हिडिओ आम्हाला बघता येतात पण समजत नाहीत, कारण धड कॅप्शनच नाहीत, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं कळवलं की हो, अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचा इथे भंग होतोय, दुरुस्त करा. आणि मार्च २०१७ मध्ये विद्यापीठानं काय केलं, तर २० हजारांहून जास्त व्हिडिओ आणि ऑडिओ लेक्चर्स लॉगिनच्या मागे नेऊन ठेवली. बाहेरच्या कुणालाच दिसेनात, ऐकू येणाऱ्यांनाही नाही.

यावर तेव्हा जो राग निघाला तो बहुतेक तक्रार करणाऱ्यांवरच निघाला. दोघांमुळे लाखोंचं नुकसान झालं, फुकटच्या गोष्टीत कसली खोट काढता, वगैरे. विद्यापीठाचंही म्हणणं होतं, जुन्या हजारो तासांना कॅप्शन करायचं तर खर्च प्रचंड, त्यापेक्षा पैसा नवीन साहित्यावर लावू, शिवाय आमच्या शिक्षकांची लेक्चर्स चोरून विकणारेही आहेत. खर्चाचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण तक्रार 'काढून टाका' अशी नव्हती, 'आम्हालाही द्या' अशी होती, आणि काढून टाकायचा निर्णय विद्यापीठाचा स्वतःचा होता. दोष मात्र मागणाऱ्यांच्या माथी मारला गेला, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

ज्यांना वाटतं कॅप्शन म्हणजे वरवरची सजावट, त्यांनी कुठलाही गणिताचा धडा आवाज बंद करून बघावा. मी अपूर्णांकांचा बघितला. काळ्या स्क्रीनवर तीन-चतुर्थांश येतं, त्याखाली एक रेघ, मग बाणासारखं काहीतरी, मग अचानक बारा. बारा कुठून आले ते बोलण्यात होतं, लिहिण्यात नव्हतं. चेहराच नाही म्हटल्यावर ओठ वाचायचा प्रश्नच येत नाही. वर्गातल्या रेकॉर्डिंगमध्ये शिक्षक असतात पण ते फळ्याकडे तोंड करून बोलतात, पाठ कॅमेऱ्याकडे. म्हणजे जी साधी, घरगुती पद्धत आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतली ती पूर्णपणे कानावर उभी आहे. ऑटो कॅप्शन, म्हणजे यंत्रानं आपोआप केलेली, यूट्यूबवर २००९ च्या शेवटी आली खरी, पण बोलणाऱ्याचा उच्चार वेगळा असला किंवा विषयातला शब्द आला की ती घसरतात, आणि धड्यात नेमका तोच शब्द महत्त्वाचा असतो. शिक्षक 'हे इकडे आलं, ते तिकडे गेलं' म्हणतात तेव्हा तर अचूक कॅप्शनसुद्धा पुरत नाही.

आता ते लायसन्स. २०१७ मध्ये व्हिडिओ बंद होणार हे कळल्यावर नेटवरच्या लोकांनी धावपळ करून जवळजवळ सगळी लेक्चर्स उतरवून दुसरीकडे ठेवली, आणि ते चोरी ठरत नाही असं त्यांना म्हणता आलं, कारण ती लेक्चर्स क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली दिलेली होती. नुसतं 'फुकट बघा' असतं तर बंद म्हणजे बंद. 'मोफत' आणि 'मुक्त' यात हा फरक आहे, मोफत म्हणजे आज पैसे घेत नाहीत, मुक्त म्हणजे उद्या मालकानं दार लावलं तरी प्रत आपल्याकडे राहू शकते. आपण दोन्हीला सर्रास 'फ्री' म्हणतो आणि मग व्हिडिओ गायब झाला की चकित होतो. पण वाचवलेल्या त्या प्रती होत्या तशाच उचललेल्या होत्या, कॅप्शनशिवाय. म्हणजे ज्यांच्याकडे आधी होतं त्यांना ते परत मिळालं, आणि ज्यांनी मागितलं होतं त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही.

प्रकरण तिथे संपलं नाही. २०१५ मध्ये आणखी दोन बड्या संस्थांवर याच कारणासाठी खटले भरले गेले होते, त्यातली एक २००१ ची ती घोषणा करणारीच. २०१९-२० मध्ये दोघींनी तडजोड करून कॅप्शन द्यायचं मान्य केलं. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाशी न्याय खात्याचा करार झाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुढचं सगळं आणि आधीचं बहुतांश ऑनलाइन साहित्य अपंग व्यक्तींना वापरता येईल असं करायचं. तक्रार झाली होती २०१४ ला. तेव्हा नववीत असलेलं मूल करार होईपर्यंत कॉलेज संपवून बाहेर पडलं असेल.